आल्प्समधून रेल्वेने: झ्युरिक ते मिलान, कुठल्या गाड्या आणि कुठला पास?

घाटरस्ता (प्रश्न)
नमस्कार. सप्टेंबरच्या मध्यात चौघं जाणार आहोत: आम्ही दोघं, सत्तरीची आई आणि आठ वर्षांची मुलगी. मुंबई–झ्युरिक जाणं, परतीचं विमान मिलानहून. पहिल्या दिवशी थेट लुझर्न. तिथे २ रात्री, मग इंटरलाकेन ३, झेरमाट २, सेंट मॉरिट्झ १, मिलान १. ग्लेशियर एक्सप्रेस (झेरमाट–सेंट मॉरिट्झ) आणि बर्निना एक्सप्रेस (सेंट मॉरिट्झ ते सीमेपलीकडचं इटलीतलं तिरानो) या दोन्ही पर्यटक गाड्या घ्याव्यात का? पास किती दिवसांचा? व्हिसा कुठल्या देशाचा?

वेळापत्रक (उत्तर)
जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये, तेव्हा शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) अर्ज त्यांच्याकडेच.

पास सलग ८ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घ्या, पण दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. म्हणजे नवव्या दिवशीचा सेंट मॉरिट्झ–तिरानो प्रवासही त्यातच बसतो. पहिल्या दिवशी विमानतळ–लुझर्न सुटं तिकीट काढा. विमान उशिरा आलं तर एका ठरावीक गाडीचं सवलतीचं तिकीट वाया जातं, म्हणून साधंच काढा. पास घेतानाच फॅमिली कार्ड मागा, मुलीचा प्रवास फुकट होईल. ग्लेशियरचं आरक्षण मात्र पासमध्ये येत नाही. ते वेगळं आणि सक्तीचं, मुलीच्या सीटचंही.

रूळ (उत्तर)
लुझर्न–इंटरलाकेन गाडीत निघताना उजवीकडची खिडकी धरा. सार्नेन आणि लुंगर्न ही तळी त्याच बाजूला आहेत. पुढे मायरिंगेनला गाडी उलट्या दिशेने निघते. तिथे जागा बदलू नका, ब्रिएंझचं तळंही तुमच्याच खिडकीत येतं.

झेरमाटला जाताना स्विस रेल्वेचं ॲप सगळ्यात जलद गाडी दाखवेल. ती ३४.६ किमीच्या लोचबर्ग बेस बोगद्यातून जाते आणि वाटेतलं सगळं हुकतं. त्याऐवजी श्पीत्झहून कांडरश्टेगमार्गे ब्रिगला जाणारी गाडी घ्या (ॲपमध्ये 'मार्गे' म्हणून कांडरश्टेग टाका). वेळ जास्त जातो, पण गोपेनश्टाइन सोडलं की उजवीकडे ऱ्होनचं खोरं थेट पायाखाली दिसतं. ब्रिगला झेरमाटची छोटी गाडी मुख्य फलाटांवर नाही, स्टेशनसमोरच्या चौकातून सुटते.

दोन्ही एक्सप्रेस घ्यायलाच हव्यात असं नाही. त्याच रुळांवर साध्या गाड्याही धावतात.

घाटरस्ता
मग ग्लेशियरही सोडून द्यावी का? आईला आठ तास बसवेल?

रूळ
तुमच्या बाबतीत ग्लेशियर घ्याच. साध्या गाड्यांनी झेरमाट–सेंट मॉरिट्झ म्हणजे तीन-चार ठिकाणी सामान घेऊन गाडी बदलणं. ग्लेशियरमध्ये एकदाच बसायचं, जेवण जागेवर येतं. खिडक्या मात्र उघडत नाहीत. फोटो काढताना गडद कपडे घाला आणि लेन्स काचेला टेकवा, नाहीतर आपलंच प्रतिबिंब येतं.

बर्निनाला उलट करा: दर तासाची साधी गाडी, आरक्षण नाही, बऱ्याच डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात. पुन्हा उजवी बाजू. वाटेतलं सगळ्यात उंच स्टेशन ओस्पित्सिओ बर्निना २,२५३ मीटरवर, तिरानो ४२९ वर, आणि हा सगळा उतार दातेरी रुळाशिवाय! आपल्या खंडाळ्याच्या घाटात चढ ३७ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) आहे, इथे जवळपास १४ला १. आल्प ग्र्यूमला उतरून पालू हिमनदी बघा, तासाभराने पुढची गाडी पकडा. ब्रुझिओला गाडी कमानींच्या पुलावर गोल फिरून स्वतःच्याच रुळाखालून जाते. तेव्हा शेवटच्या डब्यात असाल तर आख्खी गाडी समोर दिसते.

वेळापत्रक
तिरानोला इटलीचं स्टेशन अगदी शेजारी आहे, पण तिथून पास चालत नाही. मिलानचं तिकीट वेगळं काढा. कागदी असेल तर गाडीत चढण्याआधी यंत्रात शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर दंड. प्रवास अडीच तासांचा, कोमो सरोवर उजवीकडे. गाड्या साधारण दोन तासांनी असतात, म्हणून आधी ही गाडी ठरवा आणि सेंट मॉरिट्झहून निघायची वेळ मागे मोजत या. इटलीत संप असेल तर कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक लोकल गाड्यांची हमी असते. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, सीमेवर तपासणी होऊ शकते.