शाखा निवडायची आहे, पगाराचा तक्ता किती मनावर घेऊ?

धावदोरा

नमस्कार. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालं, ते सगळ्यांना सारखंच होतं. आता तीन आठवड्यांत शाखा सांगायची आहे. मार्क बरे आहेत, त्यामुळे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर यांतलं काहीही मिळू शकेल. पंचाईत तिथेच झाली आहे.

मला हातानं करायचं काम आवडतं. आईचं शिलाई मशीन मीच उघडते. मध्यंतरी कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे वेढे यायला लागले. सगळ्यांनी बॉबिनला दोष दिला, पण बिघाड वरच्या दोऱ्याच्या ताणात होता. ताणाच्या दोन चकत्यांमध्ये धाग्याचा भुसा अडकला होता. तो काढल्यावर टाका सरळ बसला. त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच परीक्षेत झाला नाही.

पण शिक्षणासाठी कर्ज काढलंय आणि ते मलाच फेडायचंय. मामांनी पगारांचा एक तक्ता पाठवला, त्यात पेट्रोलियम वर आणि सिव्हिल तळाला. ते म्हणतात, दुसऱ्या कॉलेजात बदली मागून पेट्रोलियम घे. शाखेवरून पगार खरंच एवढा ठरतो का? नोकरी करणाऱ्यांनी कृपया सांगा.

पंपवाला

धावदोरा, बॉबिन सोडून वरच्या दोऱ्याकडे तुझं लक्ष गेलं हे वाचलं आणि सविस्तर लिहायचं ठरवलं. मी मेकॅनिकलचा. १९ वर्षं रसायनांच्या कारखान्यांत फिरत्या यंत्रांवर काम करतोय, म्हणजे पंप, कॉम्प्रेसर, मोठे पंखे.

आधी तक्त्याचं बघू. असे बरेचसे तक्ते अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकड्यांवरून बनतात, कारण ते दरवर्षी निघतात आणि सगळ्यांना खुले असतात. २०२३ चे वार्षिक पगार डॉलरमध्ये: कॉम्प्युटर हार्डवेअर साधारण १ लाख ३८ हजार, पेट्रोलियम १ लाख ३६ हजार, विमान-अवकाश १ लाख ३१ हजार, केमिकल १ लाख १२ हजार, इलेक्ट्रिकल १ लाख ७ हजार, मेकॅनिकल साडेनव्याण्णव हजार, सिव्हिल ९६ हजार. हे मधले पगार आहेत, निम्मे लोक याच्या वर आणि निम्मे खाली. रकमा देशागणिक बदलतात, त्या पाठ करून उपयोग नाही. त्याच आकडेवारीतली दुसरी ओळ मात्र जरूर वाच, ती अशा तक्त्यांत क्वचितच येते. मेकॅनिकलमधल्या तळाच्या १० टक्के लोकांना ६५ हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळतात, वरच्या १० टक्क्यांना दीड लाखाच्या वर. म्हणजे मेकॅनिकल आणि सिव्हिल यांच्यात अंतर साडेतीन हजारांचं, आणि एकट्या मेकॅनिकलच्या पोटात जवळजवळ नव्वद हजारांचं. मामांच्या तक्त्यात हे दिसत नाही.

पेट्रोलियमचं वाईट बोलणार नाही, काम अवघड आहे आणि पैसा खरा आहे. पण अमेरिकेत या कामात जेमतेम वीसेक हजार माणसं आहेत आणि सिव्हिलमध्ये तीन लाखांच्या वर. इतक्या छोट्या धंद्याची नाडी एकाच भावाला बांधलेली असते. जून २०१४ मध्ये ब्रेंट, म्हणजे ज्याच्या भावावरून जगात कच्च्या तेलाचा भाव धरतात ते तेल, पिंपाला ११५ डॉलरच्या घरात होतं, जानेवारी २०१६ मध्ये तेच ३० च्या खाली गेलं. माझा एक वर्गमित्र तेव्हा समुद्रातल्या तेल काढायच्या फलाटावर होता. २८ दिवस काम, २८ दिवस सुट्टी, आणि पगार माझ्या दुपटीहून जास्त. एका सुट्टीत घरी आला आणि परत बोलावणं आलंच नाही. पुढचे चौदा महिने त्यानं कसे काढले ते मी जवळून पाहिलंय. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना हा धोका पगाराइतकाच मोजावा लागतो.

मग पगार ठरतो कशावर? तुझं काम थांबलं तर कोणाचं किती अडतं, आणि तुझ्या जागी दुसरा माणूस किती लवकर मिळतो, यावर. एक प्रसंग सांगतो.

नोकरीचं चौथं वर्ष. एका पंपाचं बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला (शाफ्टला) आधार देणारं गोळ्यांचं कडं, वर्षात तिसऱ्यांदा गेलं होतं. दर वेळी नवं बेअरिंग, नवं सील, आणि पुन्हा चारेक महिन्यांत तोच घरघराट. कंपनाचा आलेख काढला, कोणत्या वेगाचं कंपन किती जोरात आहे ते दाखवणारा. आठ गोळ्यांचं बेअरिंग असेल आणि त्याच्या बाहेरच्या कड्याला खड्डा पडला असेल, तर शाफ्टच्या वेगाच्या तिपटीच्या आसपास टोक दिसतं. ते दिसत होतंच. पण शाफ्टच्या वेगाच्या बरोबर दुपटीलाही एक टोक होतं, आणि असं टोक बहुतेक वेळा अलाइनमेंटकडे, म्हणजे मोटार आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत याकडे, बोट दाखवतं. अलाइनमेंट तर दर वेळी केलेली! मग मोटारीच्या पायाजवळ डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावला आणि एकच बोल्ट सैल केला. काटा ०.१८ मिलिमीटरनं उडाला. ०.०५ च्या वर गेला की पाय नीट टेकलेला नाही असं आम्ही धरतो. मोटारीचे तीन पाय टेकले होते, चौथा अधांतरी. बोल्ट आवळला की मोटारीचं अंगच पिळवटायचं आणि केलेली अलाइनमेंट फुकट जायची. पायाखाली नखाएवढ्या जाडीची सुद्धा नाही अशी शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, सरकवली. तो पंप पुढे पाच वर्षं कुरकुरला नाही.

याचा पगाराशी संबंध असा की त्या वर्षी मला पगारवाढ सगळ्यांएवढीच मिळाली. शिम कोणालाच दिसली नाही. पुढच्या वर्षी मी बंद पडलेल्या तासांची वही ठेवायला लागलो. कोणता पंप, किती तास बंद, तेवढ्या वेळात किती टन माल निघाला नाही, कारण काय, उपाय काय. दीड वर्षानं ती वही घेऊन दुसऱ्या कारखान्यात मुलाखतीला गेलो. त्यांनी पदवीबद्दल एक प्रश्न विचारला आणि वहीबद्दल चाळीस मिनिटं बोलत बसले. पगार एका झटक्यात दीडपट झाला. शाखा तीच, माणूस तोच.

तुळई

पंपवाल्यांशी सहमत आहे, पण सिव्हिल तळाला का असतं हे कोणीतरी सांगायला हवं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, बारा वर्षं इमारतींचं डिझाइन करते.

आमच्याकडे पैसा कामागणिक येतो. एकदा केलेलं डिझाइन हजार जणांना विकता येत नाही, दर इमारतीला जमीन वेगळी, भार वेगळा. शिवाय बरीच कामं सर्वात कमी बोलीला जातात. म्हणून सुरुवातीला पगार दबलेला राहतो आणि पहिली पाच वर्षं जड जातात, हे मी लपवणार नाही. चित्र बदलतं ते परवाना मिळून नकाशावर स्वतःची सही करायला लागल्यावर.

आणि ती सही काय असते तेही ऐक. १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ नकाशात वरच्या आणि खालच्या पुलाला एकच सलग सळई होती. बांधायला सोपं म्हणून तिच्या दोन केल्या, खालचा पूल वरच्या पुलाला लटकवला. त्या एका बदलानं वरच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. बदलाला मान्यता देणाऱ्या इंजिनिअरांचे परवाने गेले. कोणी फोनवर "ताई, छोटासा बदल आहे, चालेल ना?" म्हणालं की मी ती सळई आठवते आणि म्हणते, नकाशा पाठवा, गणित करून सांगते. हे निभावायची तयारी असेल तर सिव्हिलला ये. मंदीतही रस्ते, पाणी, पूल लागतातच, त्यामुळे हातात काम राहिलंय.

रिलेकर

थोडक्यात लिहितो. मी इलेक्ट्रिकल, वीजवाहिन्यांच्या संरक्षणाचं काम. वाहिनीवर दोष आला की साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत ब्रेकर उघडला पाहिजे आणि बरोबर तोच उघडला पाहिजे, शेजारचा नाही. त्यासाठी रिलेंची (दोष ओळखून ब्रेकरला उघडायचा हुकूम देणाऱ्या उपकरणांची) सेटिंग्ज बसवणारी माणसं आमच्या वर्गातून फक्त दोन निघाली, बाकीचे सॉफ्टवेअरला गेले. त्यांचे पगार पहिली सहा-सात वर्षं आमच्या बरेच पुढे होते. २०२२-२३ च्या कपातीत त्यातल्या तिघांच्या नोकऱ्या गेल्या, दोघांना पुन्हा चांगल्या मिळाल्या. सॉफ्टवेअर वाईट नाही, लिहिलेली एक गोष्ट लाखो लोक वापरतात म्हणून तिथे पैसा आहे. फक्त आवड नसताना केवळ पगारासाठी गेलेले माझे दोन मित्र आज तिथे दमलेले दिसतात.

धावदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सळईचं वाचून अंगावर काटा आला, पण सही करायला मी अजून तयार नाही असं प्रामाणिकपणे वाटतं. मामांना तळाच्या आणि वरच्या १० टक्क्यांचे आकडे दाखवले. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, तुझं तू ठरव.

मी मेकॅनिकल घ्यायचं म्हणतेय. पंपवाले दादा, एकच शंका. मेंटेनन्समध्ये मुलींना घेतात का? आणि कर्जाचा हप्ता पहिल्या पगारातून निघेल का?

पंपवाला

घेतात. आमच्या कंपन-विश्लेषणाच्या चमूत पाचपैकी दोघी आहेत आणि रात्रपाळीचं वेळापत्रक सगळ्यांना सारखं. तरी मुलाखतीला गेलीस की कारखाना पायी फिरून बघ. मुलींसाठी कपडे बदलायची खोली यंत्रशाळेजवळ आहे की पार ऑफिसच्या टोकाला, एवढ्यावरून बरंच कळतं.

हप्त्याचं म्हणशील तर पहिली दोन वर्षं ओढाताण होईल. पाळीचा भत्ता आणि शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या) दिवसांतला जादा वेळ धरून माझा हप्ता निघायचा, नुसत्या मूळ पगारात निघाला नसता. म्हणून ऑफर आली की मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगवेगळं लिहून माग. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कुठल्याही कारखान्यात महिनाभर शिकाऊ म्हणून जा, पैसे कमी मिळाले तरी. तिथे डायल गेज हातात धरायला मिळतो का ते मात्र आधी विचारून घे.