उत्तर: उत्तर: करमळीला उतरणारे अकरा जण

चिटणीस:
मंडळी, आम्ही दोघं कालच पणजीत पोचलो. शनिवारी मांडवी एक्स्प्रेसने जुन्या गोव्याजवळच्या करमळी स्टेशनला येणाऱ्यांसाठी दोन मोठ्या टॅक्स्या सांगून ठेवू का? आज रात्रीपर्यंत कळवा. "कळवतो" असं कळवू नका.

खजिनदार:
टॅक्सी कशाला? सिंगापुरात एमआरटी मेट्रोशिवाय पाऊल न टाकणारे आपण, गोव्यात आलो की लगेच संस्थानिक. जुन्या गोव्याच्या गांधी सर्कलवरून पणजीच्या बस सारख्या असतात. तिथपर्यंत बॅगा ओढत जाऊ. मागच्या सहलीचा टॅक्सीचा हिशेब अजून जुळलेला नाही.

सहल समिती:
सहलीचं मी बघतेय ना? मग आधी मला विचारायचं. त्या खाजगी बसमध्ये बॅग ठेवायची जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं झाकण, आणि त्यावर कुणाची तरी मासळीची पाटी आधीच असते. कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" (पुढे जा) करत आपल्याला बॅगांवर बसवतो. त्यापेक्षा सरळ मडगावला उतरा. स्टँडवरून कदंबची, म्हणजे गोवा सरकारची, पणजी नॉनस्टॉप बस मिळते. खिडकीवर तिकीट, रांगेने चढायचं, उभं कुणी नाही.

दादरचे काका:
म्हणजे झुआरी नदी दोनदा ओलांडायची? जाताना रुळावरून, येताना पुलावरून? शिवाय मडगाव स्टेशन ते कदंब स्टँड रिक्षा करावी लागेल ती वेगळीच. 1980 पासून कदंब आहे, मी सुरुवातीपासून बसतोय, मला सांगू नका.

सहल समिती:
काका, रिक्षा म्हणजे टॅक्सी नव्हे.

एक सभासद:
उबर का नाही करत?

चिटणीस:
गोव्यात ओला-उबर नाही. गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे. हे गेल्या वर्षीही लिहिलं होतं.

काकू:
हलकी बॅग असेल तर पायलट करा. म्हणजे पुढचा मडगार्ड पिवळा असलेली भाड्याची मोटरसायकल, चालवणाऱ्याच्या मागे बसायचं. भाडं आधी ठरवायचं. आमचे हे मागे बसले होते, रायबंदरच्या कॉजवेवर वाऱ्याने टोपी गेली मांडवी नदीच्या बाजूला. पायलट बिचारा थांबून शोधत होता.

दादरचे काका:
टोपी नव्हती, मफलर होता.

चिटणीस:
ठरलं. बॅगांना एक टॅक्सी, माणसं बसने. बॅगांबरोबर एक जण लागेल. कोण?

खजिनदार:
मी बसतो. गुडघा दुखतोय.