मदत हवी आहे: मधाळ रंगाच्या ‘माद्रिद’ नक्षीच्या ताटल्या १९३०च्या दशकातल्या की १९७६च्या?

ओहायोत जुन्या सामानाच्या विक्रीत डिप्रेशन ग्लासच्या (म्हणजे १९३०च्या आसपासच्या महामंदीत अमेरिकेत निघालेल्या स्वस्त काचेच्या) सहा ताटल्या आणि चार कप घेतले. रंग मधाळ, मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी. मूळच्या कशा ओळखायच्या? दोन ताटल्यांवर पांढुरका थर आहे, तो निघेल का? कपात चहा चालेल?

प्रतिसाद १
नक्षी माद्रिदचीच वाटते. ओहायोतल्याच कोलंबस शहरातल्या फेडरल ग्लास कंपनीने ती १९३२ ते १९३९ काढली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला त्यांनीच ती ‘रिकलेक्शन’ नावाने याच मधाळ रंगात परत आणली, पण साच्यात ‘७६’ कोरून. हा आकडा नक्षीत लपलेला असतो. ताटली दिव्यासमोर तिरपी धरून वेलबुट्टी सावकाश तपासा. पुढे साचे इंडियाना ग्लास या दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्यांनी आकडा काढून टाकला आणि बिनरंगी, गुलाबी, निळा माल काढला. त्यामुळे गुलाबी ताटलीवर आकडा नसणं हा जुनेपणाचा पुरावा नाही.

प्रतिसाद २
थरासाठी: पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मंनिम्मं, प्लास्टिकच्या टबात तळाशी टॉवेल घालून चार-पाच तास भिजवा. क्षार असतील तर सुटतील. वाळल्यावर धुरकटपणा तसाच राहिला तर काचच झिजली आहे. डिशवॉशरची अल्कली आणि उष्णता पृष्ठभाग खाते, ते भरून येत नाही. तेल चोळून चकाकी आणलेला मालही विकतात, म्हणून घेण्याआधी साबणाने धुऊन बघावं. तारेची घासणी अजिबात नको.

धागाकर्ती
आकडा कुठेच नाही! पण एका ताटलीत बुडबुडे आणि केसासारखी रेघ आहे. तडा आहे का?

प्रतिसाद १
मग जुन्या असण्याची शक्यता चांगली आहे. ताटली प्रकाशात फिरवा. तडा एका कोनात आरशासारखा चमकतो. वितळलेल्या काचेचा गोळा कातरीने तोडताना उमटलेली रेघ तशी चमकत नाही, ती दोष नव्हे. ही काच यंत्रावर झपाट्याने दाबून काढलेली, स्वस्तातली. बुडबुडे येणारच, आणि ताटलीभर पसरलेली नक्षी ते झाकते. म्हणून तर ती इतकी दाट आहे, आणि मला त्यातच तिचं सौंदर्य वाटतं. नक्षी साच्यातच कोरलेली असल्याने काचेवर उठून येते, बोटाला लागते. काठाच्या आतल्या कडेवरूनही बोट हळूच फिरवा, बारीक टवके तिथेच सापडतात.

प्रतिसाद २
चहाचं राहिलं. ही काच उष्णतारोधक नाही, थंड कपात उकळता चहा ओतला तर तडकेल. कप आधी कोमट पाण्याने धुवा आणि चहा थोडा निवू द्या. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. ताटल्या रचताना प्रत्येकीमध्ये फ्लॅनेलचा तुकडा ठेवा.