पेपर मालकांच्या संघटनांचा इतिहास कुणी सांगेल का?

धंतोलीकर:
नमस्कार मंडळी, सध्या नागपूरच्या जुन्या पेपरांबद्दल वाचतोय. हितवाद १९११ चा, नवभारत १९३८ चा, मग तरुण भारत, संपादकांबद्दल भरपूर मिळतं पण मालकांच्या संघटनांवर कुणी लिहीतच नाही. १९३९ मध्ये इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटी झाली, म्हणजे आजची आयएनएस (इंडियन न्यूजपेपर सोसायटी), मग दोनच वर्षांत १९४१ ला मुंबईत भारतीय भाषांच्या पेपरांची इल्ना (इंडियन लँग्वेजेस न्यूजपेपर्स असोसिएशन) वेगळी का काढावी लागली? आणि या संघटना नेमकं करायच्या काय?

जुना जाहिरातवाला:
छान विषय काढला भाऊ. पहिल्या सोसायटीत मोठ्या इंग्रजी पेपरांचा वरचष्मा होता, भाषिक पेपरांचं दुखणं वेगळं, जाहिरातीचा रेट कमी आणि वसुलीची बोंब. जाहिरात यायची मुंबईच्या एजन्सीकडून, ती आपलं १५ टक्के कमिशन कापून घेणार आणि उरलेले पैसे उधारीवर. आता नागपूरचा छोटा मालक त्या पैशांसाठी मुंबईला किती चकरा मारणार? म्हणून सोसायटी एजन्सीला मान्यता देते, आणि एजन्सीनं पैसे बुडवले तर मान्यताच धोक्यात येते. माझ्या मते संघटनेचं सगळ्यात मोठं काम हेच, भाषणं-ठराव नंतर.

वर्धा रोड:
कागद विसरू नका. न्यूजप्रिंट बाहेरून यायचा, १९६२ च्या सरकारी न्यूजप्रिंट कंट्रोल ऑर्डरनंतर तर कोट्याप्रमाणेच मिळायचा, मग दिल्लीत बाजू मांडायला संघटना लागणारच. नेपानगरची न्यूजप्रिंट मिल तर आपल्याच जुन्या मध्य प्रांतातली, १९५६ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा राजधानी नागपूरच होती. पण देशाची भूक एका मिलनं थोडीच भागते.

बर्डीवाला:
बाप्पा, खरा पेच तर प्राइस-पेज कायद्याचा हाय! सरकारनं नेमलेल्या पहिल्या प्रेस कमिशननं १९५४ मध्ये म्हटलं का बडे पेपर जाड अंक स्वस्तात विकतात, त्यात लहान मरतात, म्हणून १९५६ ला कायदा आला, किमतीप्रमाणे पानं किती ते सरकार ठरवणार. आता सांगा, याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं कोण? पुण्याचा सकाळ, म्हणजे मराठीच पेपर! १९६१ मध्ये कोर्टानं कायदा रद्द केला, किंमत वाढवली तर खप घटते, पानं कमी केली तर मजकूर घटते, दोन्हीकडून अभिव्यक्तीवरच घाव. मले निकाल पटते, पण लहान पेपरवाल्याची अडचण काही सुटली नाही न, म्हणून म्हणतो "भाषिक पेपरांचं हित एकच" असं धरून लिहू नका.

धंतोलीकर:
हे माहीतच नव्हतं, खूप आभार. पत्रकारांच्या संघटना आणि या वेगळ्याच ना?

जुना जाहिरातवाला:
एकदम वेगळ्या, पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या वेतन मंडळाच्या वेळी तर समोरासमोर. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याखाली पगार ठरले ते मालकांनी कोर्टात नेले आणि १९५८ मध्ये तो निर्णय रद्द करून घेतला. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात जुने अंक आहेत का विचारून बघा, १९५८ आणि १९६१ चे अग्रलेख आधी काढा.