भाड्याच्या घरात चौघी विद्यार्थिनी: सामानाचा स्वस्त विमा कसा घ्यावा?

नमस्कार,

मी चिपळूणजवळच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि बाजारपेठेलगतच्या एका इमारतीत तळमजल्यावर तीन मैत्रिणींसोबत भाड्याने राहते. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या या घरातही शिरले होते. त्याची खूण घरमालकांनी जिन्याच्या भिंतीवर रंगाने करून ठेवली आहे आणि ती माझ्या डोक्याच्या वर येते. इमारतीचा विमा आहे, परंतु त्यात भाडेकरूंचे सामान येत नाही, असे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितले आहे. माझे सामान म्हणजे पंचावन्न हजारांचा लॅपटॉप, पुस्तके, इंडक्शन शेगडी, गादी आणि कपडे, असे सगळे मिळून साधारण ८५ हजार रुपयांचे. पुन्हा एवढे सामान घेऊन देणे आईबाबांना परवडणार नाही.

पुरापुरता मार्ग मला दिसतो आहे. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली आणि भाडेकरूला त्यात इमारत वगळून केवळ सामानाचा विमा घेता येतो. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर आणि दरड कोसळणे हे सारे मूळ पॉलिसीतच येते. सामानाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा घेतला, तरी त्या प्रमाणात दावा कापला जात नाही, ही तरतूद आमच्यासारख्यांना फार मोलाची वाटते.

अडचण चोरीची आहे. मूळ पॉलिसीत चोरी येते ती केवळ पूर किंवा आग यांसारख्या घटनेमुळे आणि त्या घटनेपासून सात दिवसांच्या आत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि त्यात सहसा कुलूप, कडी किंवा खिडकी तोडून आत शिरल्याची खूण दाखवावी लागते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या एकीचा लॅपटॉप बाहेरच्या खोलीतून नाहीसा झाला. दार उघडेच होते, दिवसभर चौघींच्या ओळखीची माणसे सामान बांधायला येत-जात होती, आणि कोणावर संशय घ्यावा हेही कळेना. पोलिसांत तक्रार दिली. लॅपटॉप मिळाला नाही. घरफोडीचा विमा असता तरी काहीही न तुटल्यामुळे त्या दाव्याला आधार उरला नसता. एका खोलीत दोघी राहत असल्याने खोलीला कुलूप लावून प्रश्न सुटत नाही, म्हणून प्रत्येकीने लोखंडी कपाट घ्यावे असा आमचा विचार चालू आहे. बाहेरचे दार शाबूत असून आतल्या कपाटाचे कुलूप तोडले गेले, तर तो दावा मान्य झाल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? मला सर्वांत जास्त याचेच उत्तर हवे आहे.

दुसरे असे की, माझ्या नावावरच्या पॉलिसीत माझ्या आणि माझ्या कुटुंबाच्याच वस्तू येतील, मैत्रिणींच्या येणार नाहीत, असे एका एजंटने सांगितले. मग चौघींनी चार स्वतंत्र पॉलिसी घ्यायच्या का, आणि इतक्या लहान रकमेची पॉलिसी कंपन्या खळखळ न करता देतात का? आमचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत आहे, पण त्यात दोघींचीच नावे आहेत. उरलेल्या दोघींची नावे आधी करारात घालून घ्यावीत, असे मला वाटते, कारण दाव्याच्या वेळी आपण त्याच पत्त्यावर राहत होतो हे दाखवावे लागेल.

प्रत्येकीला वर्षाला हजार रुपयांपर्यंत हप्ता देता येईल. रत्नागिरी, महाड किंवा चिपळूणमध्ये भाड्याने राहून ज्यांनी असा विमा घेतला आहे किंवा पुरानंतर दावा केला आहे, त्यांनी कोणती बिले, फोटो आणि पंचनाम्याची कागदपत्रे मागितली गेली तेही कृपया लिहावे. माझ्याकडे लॅपटॉपचे बिल आहे. बाकीच्या वस्तूंचे फोटो मी या आठवड्यात काढून आईला पाठवून ठेवते आहे. पावसाळ्याआधी पॉलिसी हातात यावी अशी इच्छा आहे.