चिकटलेला मडगार्ड आणि जुलैतला पीव्हीए
फायबरग्लासचा मडगार्ड मोल्डमधून (साच्यातून) सुटत नाही, असं एकाने इथे विचारलंय, आणि त्यावर कुणीतरी फटीत स्क्रूड्रायव्हर घालायला सांगितलंय. तेवढं नका करू. मोल्डच्या जेलकोटला (आतल्या गुळगुळीत थराला) ओरखडा गेला की पुढच्या प्रत्येक पीसवर तो उमटणार.

कडेचं जादा फायबर आधी घासून काढा. मग लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर चारी बाजूंनी फिरत थोडी थोडी सारा. फट पडली की कोमट पाणी सोडा. पीव्हीए (पीस चिकटू नये म्हणून मोल्डवर मारतात तो पाण्यात विरघळणारा पातळ थर) मारलेला असेल तर तो विरघळतो. नुसतं वॅक्स असेल तर कॉम्प्रेसरची हवा द्या, मोल्डच्या पाठीवर रबरी हातोडीने हलकं ठोका. पीस सुटल्याचं 'कर्र' ऐकू आलं की जीव भांड्यात!

मी नवी मुंबईत रबाळ्याच्या एका शेडमध्ये मोल्डमध्ये स्कूटरचं साइड पॅनेल बनवायला घेतलं, नेमकं जुलैत, पावसाळी दमट हवेत. दोन तास झाले तरी पीव्हीए बोटाला चिकटतच होता. तरी त्यावर रेझिन (फायबरला घट्ट करणारं द्रव) मारलं (घाई, दुसरं काय). पॅनेल मोल्डला चिकटून बसलं, शेवटी ग्राइंडरने कापून काढावं लागलं.

नव्या मोल्डला वॅक्सचे पाच-सहा हात द्या, प्रत्येक हात चकचकीत पुसून. प्लगवर (ज्यावरून मोल्ड काढतात त्या मूळ नमुन्यावर) साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारू नका, रेझिनमधलं स्टायरिन हे द्रावक त्याला सुरकुत्या पाडतं. आणि मडगार्डच्या कडा आत वळलेल्या असतील तर मोल्ड दोन तुकड्यांतच करा.