रोज ऑफिसला आणि रविवारी ट्रॅकवर: एकच गाडी घ्यायची तर?

*बी-२०३*
नमस्कार सोसायटीतल्या मंडळींनो. एक सल्ला हवा होता. गाडी घ्यायची आहे, एकच. आठवडाभर ऑफिसला जायला-यायला आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी रेसिंग ट्रॅकवर. शर्यतीत उतरायचं नाही, पण वेगात गाडी नीट चालवायला शिकायचंय. बजेट बेताचं आहे, त्यामुळे सेकंडहँडच बघतोय. मित्र म्हणतात, जितकी जास्त हॉर्सपॉवर मिळेल तितकी घे. इथे कुणाला अनुभव आहे का?

*ए-१०१*
जुनी जर्मन सेडान बघ. सहा सिलिंडर, मागच्या चाकांना ताकद, आणि थोडी वर्षं झाली की किंमत चांगलीच उतरते. त्या पैशात एवढं इंजिन दुसरं कुणी देत नाही.

*बी-४०४*
सी-५०२ मधल्या ताईंना विचार. त्या बरीच वर्षं ट्रॅकवर चालवतात, नवशिक्यांना शिकवतातही.

*सी-५०२*
वाचलं. जरा सविस्तर लिहिते, कारण पुढची तीन-चार वर्षं शिकण्यात जाणार की गॅरेजच्या फेऱ्यांत, ते याच निर्णयावर ठरतं.

हॉर्सपॉवर तूर्त बाजूला ठेव. आधी वजन बघ. १००० किलोची गाडी १०० च्या वेगावरून ६० वर आणली की ब्रेकमध्ये साधारण २५० किलोज्यूल उष्णता तयार होते. हायवेवर एवढंच असतं, तेही अधूनमधून. तीच गाडी ट्रॅकवर १५० वरून ६० वर आणायची तर आकडा जातो ७३० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि हे दर लॅपला (फेरीला), प्रत्येक लांब पट्ट्याच्या शेवटी. ब्रेकच्या डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला) थंड व्हायला उसंतच मिळत नाही. आता गाडी १५०० किलोची धर, तो आकडा ११०० च्या घरात जाईल. जड गाडी ब्रेक खाते, टायर खाते, आणि शिकणाऱ्याला तिच्या चुका उशिरा कळतात.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा असतो: या गाडीचे टायर, ब्रेकचे पॅड (डिस्कवर दाबले जातात ते), डिस्क आणि ऑइल वेळच्या वेळी, मन न खाता बदलता येतील का? उत्तर "नाही" असेल तर ती गाडी कितीही स्वस्तात मिळू दे, परवडणारी नाही. हातात असलेल्या पैशातले दोन भाग गाडीला, एक भाग बाजूला. हे मी प्रत्येकाला सांगते.

*ए-१०१*
पण ताई, मोठ्या इंजिनच्या गाडीला ब्रेकही मोठेच असतात की.

*सी-५०२*
असतात काका, पण त्यांचे पॅड आणि डिस्कही तितकेच महाग असतात. जुन्या मोठ्या गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. तुम्ही म्हणता त्यातली बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, १९९८ साली आलेली, मलाही फार आवडते. स्टिअरिंग सुरेख, तोल उत्तम. पण त्या पिढीत मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) बॉडीला जिथे जोडलेली असते तिथला पत्रा फाटण्याची तक्रार सर्वज्ञात आहे आणि कूलिंगचे प्लॅस्टिकचे भाग वयाने ठिसूळ होतात. गाडी उचलून खालून बघणारा माणूस ओळखीचा असेल तरच घ्यावी. पहिल्याच गाडीला नको.

*बी-२०३*
हलकीच घेतली आणि ब्रेक मोठे बसवून घेतले तर?

*सी-५०२*
मोठे ब्रेक लागत नाहीत. आधी ब्रेक ऑइल आणि पॅड बदल, बहुतेक हलक्या गाड्यांना तेवढं पुरतं.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात, त्यातला फरक पायाला कळला पाहिजे. पहिला प्रकार: तिसऱ्या-चौथ्या लॅपला पेडल नेहमीपेक्षा खाली जातं, मऊ, पोकळ लागतं. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ (डॉट ३, ४, ५ या ब्रेक ऑइलच्या प्रती) चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असं प्रमाण आहे, पण ओलावा मुरला की तेच प्रमाण १५५ वर येतं. डॉट ३ चं तर २०५ वरून १४० वर. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल जातं, पण दाब पॅडपर्यंत पोहोचत नाही. दुसरा प्रकार: पेडल अगदी कडक लागतं आणि तरी गाडी थांबत नाही. इथे पॅडच्या मसाल्याची तापमानाची मर्यादा ओलांडलेली असते. दोन्हीत वेग कमी करून एक लॅप सावकाश काढायचा आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) यायचं. पुढच्या लॅपला बघू, असं म्हणायचं नाही.

तेव्हा पहिल्या ट्रॅकच्या आधी ताजं डॉट ४, शक्यतो जास्त उकळबिंदूचं. डॉट ५ मात्र घालू नकोस. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीला चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. नावं सारखी असल्याने दुकानात घोटाळा होतो, डब्यावर नीट वाचून घे.

पॅड घेताना निव्वळ शर्यतीचे घेऊ नकोस. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी थंड गाडी घेऊन रहदारीत शिरलास आणि समोर कुणी आलं तर? रस्ता आणि ट्रॅक दोन्ही चालतील असे मधले पॅड मिळतात. थोडा आवाज आणि काळी धूळ सोसावी लागते.

*बी-२०३*
हे माहीतच नव्हतं. आता गाड्यांची नावं सांगाल का?

*सी-५०२*
एकट्यापुरता विचार असेल तर माझ्या मते माझदा एमएक्स-५ ला तोड नाही. १९८९ साली आली, पहिल्या पिढीचं वजन टनाच्या आत-बाहेर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. कागदावर ताकद किरकोळ दिसते, पण वळणात काय चाललंय ते ही गाडी बसल्या जागी सांगते. टायर लहान, पॅड लहान, सगळं स्वस्त. इतक्या विकल्या गेल्यात (२०१६ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला) की सुटे भाग आणि माहिती दोन्ही मिळतं. अडचण एकच, दोन सीट. आणि उघड्या टपाच्या गाडीला बहुतेक ट्रॅकवर रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) लागतो, तो खर्च आधीच धर.

टप हवा आणि मागे थोडी जागा हवी, तर टोयोटा जीटी८६ किंवा तिचीच जुळी बहीण सुबारू बीआरझेड. २०१२ मध्ये आल्या, दोन लिटरचं आडवं बॉक्सर इंजिन, वजन सव्वा टनाच्या आसपास. मागची सीट नावापुरतीच, पण ती पाडली की ट्रॅकच्या चाकांचा एक संच आत मावतो. कंपनीने टायर मुद्दाम अरुंद दिले, २१५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे कमी वेगातच गाडी सरकायला लागते आणि सावरायला शिकता येतं. ते टायर संपेपर्यंत तसेच वापर, रुंद करायची घाई नको.

घरच्यांनाही याच गाडीतून न्यायचं असेल तर सरळ हॉट हॅच, म्हणजे ताकदवान इंजिनची छोटी हॅचबॅक. ही कल्पनाच मुळी एका गाडीत दोन्ही कामं व्हावीत यासाठी रुजली. १९७६ ची गोल्फ जीटीआय ८१० किलोंची आणि ११० हॉर्सपॉवरची होती. आज त्या वळणाची म्हणजे सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, टर्बोवाली, टनाच्या आत. फोर्ड फिएस्टा एसटी, रेनॉ क्लिओ आरएस याही चांगल्या. ताकद पुढच्या चाकांना असल्याने पुढचे टायर मागच्यांपेक्षा खूप लवकर जातात, पण वेळेवर अदलाबदल केली की भागतं. एक सावधगिरी: वेगात वळताना घाबरून पाय एकदम उचललास तर आखूड हॅचचा मागचा भाग फिरतो. पहिल्याच दिवशी शिक्षक शेजारी बसवून हे समजून घे.

*डी-३०१*
इलेक्ट्रिक का नाही? पिकअप तर जबरदस्त असतो.

*सी-५०२*
पिकअपबद्दल शंकाच नाही. पण वजन आणि उष्णता. सलग लॅप मारले की बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. ट्रॅकसाठी मुद्दाम तयार केलेली ह्युंदाई आयोनिक ५ एन हे सगळं सांभाळते, पण ती दोन टनांहून जड आहे आणि बेताच्या बजेटमध्ये बसत नाही. तसंच ऑटोमॅटिकचं. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) तर ट्रॅकसाठी नकोच, गिअरबॉक्स तापतो. मॅन्युअल घे, क्लच संपला तरी खर्च आवाक्यातला असतो.

*डी-३०१*
समजलं. आणि रीमॅप, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवणं?

*सी-५०२*
पहिलं वर्ष तरी नको. टर्बो गाडीत ताकद वाढवली की उष्णता वाढते, आणि कंपनीने दिलेला रेडिएटर-इंटरकूलर आधीच्या ताकदीच्या हिशोबाने असतो. पैसे उरलेच तर शिक्षकाला द्या.

*बी-२०३*
मी बी-२०३ ची आई. अगं, मी हे सगळं वाचतेय. एक विचारते. याच गाडीतून रोज आम्हीही जाणार. ट्रॅकसाठी गाडीत केलेले बदल रस्त्यावर धोक्याचे ठरत नाहीत ना? मागे तो आत लोखंडी पिंजरा बसवायचं म्हणत होता.

*सी-५०२*
काकू, फार योग्य विचारलंत. पिंजरा अजिबात नको. रोल केज हेल्मेट घातलेल्या, सहा पट्ट्यांनी सीटला आवळलेल्या ड्रायव्हरसाठी असतो. रस्त्यावर आपण साधा बेल्ट लावतो, डोकं उघडं असतं. साध्या अपघातातही डोकं त्या लोखंडावर आदळू शकतं, आणि मागे बसलेल्याला तर तो धोका जास्तच. एअरबॅग, मूळ सीटबेल्ट, एबीएस यांतलं काहीही काढू देऊ नका. सस्पेन्शन फार खाली बसवू नका, स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासेल आणि वळणातही फायदा होईलच असं नाही.

हेल्मेट मात्र चांगलं घ्या. मोटारसायकलचं हेल्मेट अनेक ठिकाणी चालत नाही, एसए प्रमाणाचं (मोटार शर्यतीसाठीचं) मागतात. त्याची आगीच्या दृष्टीनेही चाचणी केलेली असते.

आणि एक गोष्ट तुमच्या दोघांसमोरच सांगते, कारण ती गाडी ठरवण्याआधी कळायला हवी. गाडीचा रस्त्यावरचा विमा ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा भरून देत नाही. पॉलिसीत वाचा, कंपनीकडून लेखी घ्या. ट्रॅकवर गाडी ठोकली आणि सोमवारी दाराशी गाडीच नाही, तर घर चालेल का? कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर हप्तेही चालूच राहतील. जी गमावली तरी घराची घडी विस्कटणार नाही, तेवढ्याच किमतीची घ्या.

*बी-२०३*
आईने वाचलं. मीही. कर्ज काढत नाही, मग गाडी एक पायरी खालची घेतो.

टायरचं विचारायचं राहिलं. रोजचे आणि ट्रॅकचे एकच चालतील?

*सी-५०२*
सुरुवातीला हो. चांगल्या कंपनीचे रस्त्याचेच स्पोर्ट टायर घे. चिकट टायरवर ग्रिप खूप मिळते, पण सुटते तेव्हा अचानक सुटते. रस्त्याचा टायर आधी किंचाळून सांगतो.

ट्रॅकवर जाण्याआधी चारही टायरच्या कडेवर खडूने आडव्या रेघा मार, नक्षीपासून खाली बाजूच्या भिंतीपर्यंत. बहुतेक टायरांच्या कडेला एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. सेशन संपलं की बघ, खडू कुठपर्यंत पुसलाय. त्रिकोणापर्यंत आला तर ठीक. त्रिकोण ओलांडून भिंतीवर गेला तर टायर वळणात मुडपतोय, हवा थोडी वाढव. त्रिकोणाच्या बऱ्याच वर राहिला तर हवा जास्त आहे. गरम झाल्यावर दाब सहा-आठ पीएसआय सहज चढतो, म्हणून निघताना कमी ठेवतात. पण घरी जाताना परत रोजच्या दाबावर आण, हे विसरायचं नाही.

बाहेरची कड झपाट्याने झिजताना दिसली तर अलाइनमेंटमध्ये पुढच्या चाकांना थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू किंचित आत झुकवणं) दे. दीड-दोन अंशांपर्यंत रोजच्या वापराला फार त्रास होत नाही.

आणि शेवटचा लॅप ब्रेक न लावता, सावकाश. पार्किंगमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची. तापलेला पॅड डिस्कवर दाबून राहिला की त्याचा थर तिथेच बसतो आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं.

*बी-२०३*
दोन गाड्या नजरेत आहेत, दोन्ही हॅच, एकाच मॉडेलच्या. एकीला रीमॅप, मोठी चाकं, खाली बसवलेली, दिसते मस्त. दुसरी अगदी कंपनीतून आली तशी, जास्त चाललेली, पण सगळी बिलं जपून ठेवलीत. शनिवारी बघायला जातोय.

*सी-५०२*
दुसरी. बिलांत इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदललंय ते बघ, टायमिंग बेल्ट किंवा चेनची नोंद शोध. बोनेट उघडून हात लाव, इंजिन थंड पाहिजे. आधीच सुरू करून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांब किंवा दुसऱ्या दिवशी जा. पुढच्या दोन्ही टायरची झीज सारखी आहे का, आतली कड खाल्लेली नाही ना, बघ. डिस्कच्या काठाला बोट लाव, उंच कंगोरा लागला तर डिस्क संपत आलीय, तेवढे पैसे कमी करायला सांग. ब्रेक ऑइल काळपट असेल तर चिंता नको, ते आपण बदलणारच आहोत.

शनिवारी सकाळी मी मोकळी आहे. दहापर्यंत निघत असशील तर येते, टॉर्च माझ्याकडे आहे.